पाणंद भावजींनी खाल्ली, बोलायचं कसं?

पत्र:

ताई, नमस्कार. मी करवीर तालुक्यातली, भोगावतीकाठच्या गावातली. गावाचं नाव कृपा करून छापू नका. आमच्या गल्लीतल्या सात-आठ बायका रोज पहाटे फिरायला जातो. दोघींना शुगर आहे, एकीचा गुडघा धरतो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. पूर्वी आम्ही नदीकडच्या पाणंदीनं, म्हणजे रानारानातनं जाणाऱ्या वाटेनं, जायचो. आता ती पाणंद राहिलीच नाही. दोन्ही बाजूचे लोक दरसाल नांगरताना थोडं थोडं आत आले. जिथनं बैलगाडी सुखानं जायची तिथनं आता मोटरसायकल रडतखडत जाते. सगळ्यात जास्त आत आलेत ते माझे चुलत दीर. दसऱ्यानंतर त्यांनी तारेचं कुंपणच घातलं. पलीकडच्या लोकांना ऊस काढायला ट्रॉली नेता येईना झालीय. पाणंदीच्या तोंडाला, ओढ्यावर अख्ख्या गावाचा कचरा पडतो, चिकनच्या दुकानातली पिसंसुद्धा. ऊस गेला की पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवतात. गेल्या साली त्या आगीत पाणंदीवरच्या दोन जांभळी जळाल्या. म्हणून आता आम्ही मोठ्या रस्त्यानं चालतो. तिथं सीझनमध्ये ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर. परवा अंधारात मागची ट्रॉली अशी घासून गेली की माझ्या जावेचा पदर अडकता अडकता राहिला.

सरपंचांना बोलले. ते पण भावकीतलेच. म्हणाले, "वहिनी, घरातलं घरात मिटवा." भावजींच्या कानावर गेलं, तेव्हापासून त्यांच्या घरचं बोलणं बंद. उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न आहे. आमचंही रान त्याच पाणंदीला लागून आहे. मिस्टर म्हणतात, "तू कशाला पुढं पुढं करतीस?" तहसीलदारांकडं तक्रार करू का गप्प बसू? आणि मिस्टरांना काय सांगू?

उत्तर:

ताई, नमस्कार.

"आमचंही रान त्याच पाणंदीला लागून आहे," हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मला मात्र सगळ्या पत्रात तेच वाक्य महत्त्वाचं वाटलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते. दोन्ही बाजूचे लोक आत आले असं तुम्हीच म्हणता. मग तुमची सरी कुठपर्यंत आली आहे? त्याबद्दल पत्रात काहीच नाही. कदाचित तुम्ही जागच्या जागी असाल. कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल, कारण रान सासऱ्यांच्या वेळेपासून असंच नांगरलं जातंय आणि मूळ बांध कुठं होता हे सांगणारं माणूस आता घरात नसेल. तहसीलदार, सरपंच, भावजी या सगळ्यांच्या आधी या प्रश्नाचं उत्तर तुमच्याजवळ असायला हवं. ते नसताना तुम्ही उभ्या राहिलात तर ग्रामसभेत पहिलाच माणूस उठून विचारेल, "आधी तुमचं बघा की!" आणि तिथं विषय संपेल.

पाणंद कुणी एका रात्रीत खात नाही, आणि खाणारे सगळे वाईट असतात असंही नाही. बांधावर घाणेरी माजते, ती तोडली जाते. बांधाची माती पावसात ढासळते, ती पुढच्या मशागतीत रानात ओढली जाते. ट्रॅक्टरवाला टोकाला वळताना नांगर उचलतो तो चार हात पुढं जाऊन उचलतो. पुढच्या लागणीला तिथं एक सरी जास्तीची निघते. एकदा तिथं ऊस उभा राहिला की ही जागा आपलीच होती असं घरातल्या पोरांना वाटायला लागतं, आणि त्यांना खोटं पाडायला कागद कुणीच बघितलेला नसतो.

तो कागद म्हणजे गाव नकाशा. जुन्या गाव नकाशावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवलेली असते आणि तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायवाट एकाच तुटक रेषेची, ती सव्वाआठ फुटांची. आता हिशेब करा. उसाची सरी साधारण चार-साडेचार फुटांची. साडेसोळा फुटांच्या पाणंदीत दोन्ही बाजूंनी एकेकच सरी आत आली तरी नऊ फूट गेले. राहिले साडेसात. त्यातनं मोटरसायकल जाईल, उसाची ट्रॉली जाणार नाही. तुमच्या पाणंदीची आज जी गत झालीय ती एकट्या भावजींनी केलेली नसणार. त्यांनी कुंपण घातलं म्हणून ते डोळ्यांवर आले, एवढाच फरक.

नकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात, म्हणजे आपण ज्याला मोजणी ऑफिस म्हणतो तिथं, अर्ज करून मिळते. तलाठ्यांकडंही (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय) गावचा नकाशा असतो, तो आधी नुसता बघून या. मोबाइलवर महाभूनकाशाच्या साइटवर गटाच्या हद्दी दिसतात, पण तुम्हाला हव्यात त्या तुटक रेषा, त्यासाठी जुना नकाशाच बघा. एक रेष आहे का दोन, ती नदीपर्यंत जाते का मध्येच थांबते, तुमचा गट तिच्या कुठल्या अंगाला आहे, एवढं टिपून आणा. मग एका सकाळी, उजेड झाल्यावर, टेप घेऊन पाणंदीत जा. तुमच्या रानासमोर, भावजींच्या रानासमोर आणि पलीकडं शेवटच्या विहिरीपाशी अशी तीन-चार ठिकाणी आजची रुंदी मोजा. ही काही सरकारी मोजणी नव्हे. पण "पूर्वी लई रुंद होती" म्हणणं वेगळं आणि "नकाशावर गाडीवाट आहे, आज अमुक विहिरीजवळ सात फूट भरते" म्हणणं वेगळं.

आणि तुमचीच सरी आत निघाली तर? मग ताई, पहिली तीच सोडा. यंदाचा ऊस उभा असेल तर तुटेपर्यंत थांबा. तोड झाली की खोडव्याला (बुडख्यांना फुटून येणाऱ्या पुढच्या उसाला) पाणी द्यायच्या आधी त्या एका सरीचे बुडखे खणून काढा, तिथली माती पाणंदीच्या खड्ड्यात ओढा आणि नवा बांध मागं घाला. एका सरीचा ऊस जाईल, जाऊ दे. त्यानंतर तुम्ही गावात जे बोलाल त्याला वजन येईल. शिवाय भावजींना माघार घ्यायची झाली तर त्यांनाही एक वाट मिळेल. भावकीत माणूस हरायला तयार नसतो, पण "त्यांनी सोडलं, मग आम्हीपण सोडलं" असं म्हणायला बहुतेक जण तयार असतात.

आता सरपंचांचं बोलणं. "घरातलं घरात मिटवा" हे त्यांनी म्हणायला नको होतं, आणि हे मी स्पष्टच लिहिते. भावजी तुमच्या घरातले आहेत, पाणंद घरातली नाही. ती गावाची वाट आहे. ग्रामपंचायत अधिनियम 1958 मधल्या कलम 53 नं सार्वजनिक रस्त्यावरचा आणि मोकळ्या जागेवरचा अडथळा काढायचा अधिकार पंचायतीला दिलाय. अधिकार दिला म्हणजे जबाबदारीही आलीच. सरपंच भावकीतले असल्यामुळं त्यांची कुचंबणा होते हे समजतं. पण त्यांची कुचंबणा सोडवायचा मार्गही ग्रामसभाच आहे. एकट्यानं घेतलेला निर्णय त्यांच्या अंगावर येतो, ग्रामसभेनं घेतलेला गावाचा असतो.

तुमच्या पत्रातला दुसरा एक धागा आहे. पलीकडच्या लोकांचा ऊस अडकलाय, त्यांचं नुकसान तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, तरी बोलताय तुम्ही. ते का बोलत नसतील? मला वाटतं, त्यांची ट्रॉली आज ना उद्या भावजींच्याच रानातनं काढून घ्यावी लागणार, म्हणून. ज्याच्या मर्जीवर वर्षाचं पीक बाहेर पडायचंय त्याच्याविरुद्ध अर्जावर सही कोण करणार? ऊसतोडीची टोळी दारात येऊन थांबलेली, मुकादम घाई करतोय, ऊस वाळून वजन घटतंय, अशा वेळी माणूस हात जोडतो, भांडत नाही. तुमचं तसं अडलेलं नाही. तुम्हाला फक्त चालायला वाट हवीय, म्हणून तुम्ही बायका हे बोलू शकता. पण एकट्या बोलू नका. त्या शेतकऱ्यांच्या घरातल्या बायकांना आधी भेटा. पुरुष जे पारावर बोलणार नाहीत ते त्या तुम्हाला घरात सांगतील.

आणि त्या बायकांना घेऊन महिला ग्रामसभेला जा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा कायदाच आहे, आणि तिथं ठरलेलं मुख्य ग्रामसभेपुढं मांडावं लागतं. बऱ्याच गावांत ती रजिस्टरमध्ये सह्या घेऊन उरकतात. तुमच्याकडं तसं होत असेल तर यंदा होऊ देऊ नका. 26 जानेवारीची ग्रामसभा जवळ आलीय. ग्रामसेवकांना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) आजच लेखी पत्र द्या: महिला सभेची तारीख कळवा, आणि "गाव नकाशावरील नदीकडील पाणंदीची मोजणी करून हद्दखुणा बसवणे" हा विषय ग्रामसभेच्या पत्रिकेवर घ्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. नियमित ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, त्यामुळं ऐनवेळी दिलेला विषय "आयत्या वेळचे विषय" म्हणून शेवटाला ढकलला जातो आणि तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात.

विषयाचे शब्द मी मुद्दाम तसे लिहिलेत. त्यात भावजींचं नाव नाही, अतिक्रमण हा शब्दही नाही. पूर्ण पाणंदीची, दोन्ही अंगांची, गावापासून नदीपर्यंतची मोजणी मागा. ठराव मांडताना म्हणा, "मोजणी आमच्या बांधापासून सुरू करा." ठरावाला सूचक तुम्ही व्हा आणि अनुमोदक पाणंदीच्या दुसऱ्या अंगाची, तुमच्या भावकीबाहेरची कुणीतरी असू द्या. गणपूर्तीसाठी 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तुमच्या सात-आठजणींनी आपापल्या गल्लीतनं माणसं आणली तर तेवढी जमतील. सभा झाली की ठरावाची नक्कल मागून घ्या. ती मिळेना तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण मला नाही वाटत तिथवर जावं लागेल.

ग्रामसभेच्या ठरावानं काय होणार, असं कुणी म्हणालं तर आपल्याच जिल्ह्यातलं हेरवाड दाखवा. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं 2022 च्या मे महिन्यात ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही हे करावं म्हणून परिपत्रक काढलं. कुंकू आणि बांगड्या हा विषय पाणंदीपेक्षा किती नाजूक होता! तोही ग्रामसभेत उघडपणे बोलला गेला.

तहसीलदारांचं काय, असं विचारलंय तुम्ही. तो रस्ता आहे, आणि त्याला मुदत आहे. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. कुंपण दसऱ्यानंतर पडलं, म्हणजे साधारण मार्चअखेरपर्यंत तुमच्या हातात वेळ आहे. कुंपण नेमकं कधी पडलं ती तारीख आणि आजचे फोटो जपून ठेवा. म्हणून गप्प बसू नका म्हणते. गप्प बसण्यात शांतता वाटली तरी मुदत सरत असते. 26 जानेवारीला विषय मांडा, फेब्रुवारीभर भावजींना वेळ द्या, आणि मार्च उजाडला तरी कुंपण तिथंच असेल तर ज्यांचा ऊस अडलाय त्या शेतकऱ्यांनी अर्ज करावा. अर्जदार तेच असावेत, तुम्ही साक्षीला उभ्या राहा. नकाशावर वाटच सापडली नाही तर जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143 आहे, त्याखाली बांधावरून नवा रस्ता मागता येतो. पण तेही ज्याच्या रानाला वाट नाही त्यानंच मागायचं असतं.

हे सगळं भावजींना धमकी म्हणून सांगू नका. "तहसीलदारांकडं जाईन हां" असं एकदा तोंडातनं गेलं की पुढं दहा वर्षं तेवढंच लक्षात राहील.

कचऱ्याचा प्रश्न पाणंदीच्या अर्जात अजिबात घालू नका. तुम्ही पत्रात तिन्ही गोष्टी एका दमात लिहिल्यात, पण प्रत्येकीचं माणूस वेगळं आहे. कुंपण एकाचं आहे, पाचट पाच-दहा शेतकऱ्यांचं आहे, कचरा अख्ख्या गावाचा आहे, आणि त्यात तुमच्या घराचाही असेल. कचऱ्यात कुणाशी वैर घ्यावं लागत नाही, म्हणून पहिलं काम तेच घ्या. तुम्ही बायका एकत्र आलात की काहीतरी होतं हे गावाला आधी दिसू दे.

ओढ्यावर कचरा टाकणाऱ्याला वाटतं, पाऊस आला की वाहून जाईल. आपल्याकडं तो वाहून जात नाही, परत येतो. राधानगरीचे दरवाजे उघडले, पंचगंगेला फुगवटा आला की भोगावतीचं पाणी ओढ्यातनं उलटं वर चढतं. पूर गावात शिरायच्या आधी ओढ्यात शिरतो. 2019 आणि 2021 ला नदीकाठच्या सगळ्यांनी ते बघितलंय. पूर ओसरल्यावर ओढ्याकाठच्या बाभळींकडं वर बघा: डोक्याच्या वर, हात पुरणार नाही अशा फांदीला दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, कुणाच्या तरी औषधाची रिकामी पाकिटं काट्यांत गुंतून वाळलेली असतात. खाली रानात तेच सगळं चिखलाखाली. त्याच रानात पुढं भांगलायला आपणच जातो आणि हाताला काच लागते. हे एक दृश्य ग्रामसभेत नीट सांगितलंत तरी पुरे, आरोग्यावर भाषण नको.

चिकनच्या दुकानदाराला वेगळं भेटा. त्याला शत्रू करू नका, त्यालाही ती पिसं कुठंतरी टाकायचीच आहेत. ग्रामपंचायतीनं गावाबाहेर, ओढा आणि विहिरींपासून लांब, त्याच्यापुरता झाकणाचा खोल खड्डा काढून द्यावा, दररोज माती आणि चुना टाकायची जबाबदारी त्याची. हे ठरल्यावरही तो ओढ्यावर आला तर दंड. भटकी कुत्री पाणंदीच्या तोंडाला जमतात ती त्या पिसांमुळंच, आणि पहाटे अंधारात चालणाऱ्या बायकांना खरी भीती त्यांचीच.

बाकी कचऱ्याला घंटागाडी लागते आणि पैसा नाही हे उत्तर येईल. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीत 60 टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवलेली होती. तुमच्या गावाला किती आले आणि स्वच्छतेवर काय खर्च झालं, हा साधा प्रश्न महिला सभेत विचारा. आवाज चढवू नका, आकडे लिहून घ्या. पुढच्या वर्षाच्या गाव विकास आराखड्यात ओढ्याचं काम लिहून घ्यायला लावा, कारण आराखड्यात नसलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत. आणि लोकांची सवय बदलत नाही असं कुणी म्हणालं तर गणपतीची आठवण करून द्या. नदीत मूर्ती सोडायची नाही, दान द्यायची, निर्माल्य कुंडात टाकायचं, ही गोष्ट एकेकाळी कुणाच्या गळी उतरत नव्हती. आज कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावागावांत लोक मूर्ती हातात घेऊन रांगेत थांबतात.

पाचटाचं थोडक्यात सांगते. पेटवणारा हौसेनं पेटवत नाही. खोडव्याला पाणी द्यायला पाचट आडवं येतं, उंदीर होतात, मजूर मिळत नाहीत. त्याला "पर्यावरण" सांगून भागत नाही, त्याच्या रानाचं सांगावं लागतं. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, आणि पेटवलं की तेवढं खत धुरात जातं. एकाआड एक सरीत ते दाबून बसवायचं, टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाकायचं, वरनं पाणी द्यायचं. कृषी खात्याची ही शिफारस जुनीच आहे. पहिल्या वर्षी त्रास होतो हे खरं आहे, ते लपवू नका. तुमच्या रानात यंदा करून दाखवता आलं तर उत्तम. आणि ज्याला पेटवायचंच आहे त्यानं निदान पाणंदीकडचं पाचट आत ओढून घ्यावं, दहा फुटांचा पट्टा मोकळा ठेवावा, वारा पडल्यावर पेटवावं आणि आग विझेपर्यंत तिथं थांबावं, एवढं तर कुणीही कबूल करेल. शेजारच्याचा उभा ऊस आणि पाइपलाइन त्यात जळते हे त्यालाही माहीत असतं. जळालेल्या जांभळींच्या जागी नवी रोपं लावाल, पण हद्दखुणा बसल्यावरच. आधी लावलीत तर "झाडं लावून जागा दाबली" म्हणतील.

हे सगळं व्हायला वेळ जाईल, आणि चालणं तर तुमचं रोज आहे. ट्रॉली घासून गेली हे वाचून मला धस्स झालं. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला पुढचं दिसतं, मागच्या दोन ट्रॉल्यांचं टोक कुठं जातंय ते दिसत नाही, आणि बाहेर लोंबणारा ऊस तर अजिबात नाही. सीझन संपेपर्यंत पहाटे मोठ्या रस्त्यानं जाऊच नका. शाळेच्या मैदानात किंवा देवळाभोवती फेऱ्या मारा, आणि तेही उजाडल्यावर. रस्त्यानं जाणं भागच असेल तर उजव्या कडेनं, येणारी गाडी समोरून दिसेल अशा, एकीमागं एक चाला. पदर खोचून घ्या, हातात बॅटरी, अंगावर फिकट रंगाचं काहीतरी. कारखान्याच्या शेतकी ऑफिसला आणि ऊस वाहतूकदारांना ग्रामपंचायतीकडून पत्र जाऊ दे, की आपल्या गावातनं जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर असलाच पाहिजे. तुमच्या जावेचं नाव न घालता तो प्रसंग त्यात लिहा.

लग्नाचं म्हणाल तर लग्न आणि पाणंद एकमेकांत मिसळू नका. आमंत्रण आलं तर मांडवात सगळ्यांच्या आधी जा आणि कामाला लागा. नाही आलं तर मुलीला बोलावून घेऊन हळदीच्या आधी आहेर द्या, तिचा यात काही दोष नाही. मोजणीची तारीख लग्नाच्या पंधरवड्यात येऊ देऊ नका. ती आली तर पुढची मागून घ्या. तिथं तुम्ही थोडं थांबलात तर काही बिघडत नाही, फक्त तहसीलदारांची ती सहा महिन्यांची मुदत तेवढी सांभाळा.

राहिले मिस्टर. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पाणीपाळी भावजींच्या बरोबर, दुखलंखुपलं तर रात्री धावून येणारे तेच, आणि उद्या कुणाच्या मयताला खांदा द्यायला दोघंच भाऊ पुढं असणार. तुम्ही ग्रामसभेत बोलाल आणि त्यांना पारावर ऐकून घ्यावं लागेल. म्हणून त्यांना आधी विचारा, सांगू नका. रान त्यांच्या नावावर असेल तर तुमच्या बाजूच्या मोजणीच्या अर्जाला सहीही त्यांचीच लागणार. एखाद्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर नकाशाची नक्कल पुढ्यात ठेवा आणि एवढंच विचारा, "सासऱ्यांच्या वेळी आपला बांध कुठं होता?" त्यांना ती जागा माहीत असेल तर ते स्वतःच बोटानं दाखवतील, आणि माहीत नसेल तर तेही मोजायला येतील. भावजींकडं पहिला निरोपही त्यांनीच न्यावा: आम्ही आमची मोजून घेतोय, आमची आत निघाली तर सोडतोय, तुम्हीही मोजून घ्या, लग्नाआधी घरच्या गाड्या सरळ नदीपर्यंत जातील. ते "बघू" म्हणाले तरी पहिल्या भेटीला तेवढं पुष्कळ झालं.